लेसरने चष्म्याचा नंबर उतरवायचा असेल तर: पहिल्या मोजमापापासून पुढच्या वर्षांपर्यंत

शाळेत असताना लागलेला चष्मा कायमचा उतरवता येईल का, हा प्रश्न घेऊन मी पहिल्यांदा नेत्रतज्ज्ञांकडे गेले तेव्हा माझ्या दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस साडेपाच होता, आणि कोणती शस्त्रक्रिया करून घ्यायची हे मी मनाशी आधीच ठरवून टाकले होते. जाहिरातींत जी सर्वांत नवी म्हणून सांगितली जात होती, तीच मला हवी होती. चार महिन्यांनी माझ्या डोळ्यांवर झाली ती या सगळ्यांतली सर्वांत जुनी पद्धत, आणि माझ्या डोळ्यांसाठी तीच योग्य होती. या चार महिन्यांत मी जे शिकले ते आधीच कोणी सांगितले असते तर बरीच धावपळ आणि भीती वाचली असती, म्हणून ते क्रमवार लिहीत आहे. पद्धत ठरते ती डोळ्याच्या मोजमापांवरून. ती मोजमापे बिनचूक होतील आणि त्यांचा अर्थ आपल्याला कळेल हे पाहणे, एवढे काम मात्र आपल्याकडे असते. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. त्या सल्ल्यासाठी समोर बसाल तेव्हा काय विचारायचे हे तुम्हाला ठाऊक असावे, एवढाच त्याचा उद्देश आहे.

१. लेसर डोळ्यात नेमके काय बदलतो ते समजून घ्या

बाहेरून येणारे प्रकाशकिरण दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेल्या पडद्यावर, एकवटले तरच चित्र स्पष्ट दिसते. लघुदृष्टी असलेला, म्हणजे मायनस नंबरचा डोळा बहुधा पुढून मागे थोडा अधिक लांब असतो, त्यामुळे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि दूरचे धूसर दिसते. डोळ्याची लांबी एक मिलिमीटरने वाढली तर नंबर साधारण अडीच ते तीन डायॉप्टरने वाढतो (डायॉप्टर हे चष्म्याच्या नंबरचे एकक). किरणांना वळवण्याचे जवळजवळ दोन तृतीयांश काम डोळ्याच्या अगदी पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया करतो. या पडद्याची मध्यभागातील जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, बहुतेकांमध्ये ५२० ते ५५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. त्याचा मधला भाग किंचित सपाट केला की किरण कमी वळतात आणि दृष्टिपटलापर्यंत पोहोचतात. मायनस नंबर उतरवणाऱ्या सर्व लेसर शस्त्रक्रियांचे तत्त्व एवढेच आहे.

१९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम यांना असे आढळले की १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर सजीव ऊतींचे अतिशय पातळ थर आजूबाजूचा भाग न भाजता काढून टाकू शकतो. हे सांगण्याचे कारण असे की लेसर म्हटले की डोळा भाजेल अशी भीती अनेकांना वाटते, आणि ती मलाही वाटत होती. हा लेसर रेणूंमधले बंध तोडतो. उष्णतेने जाळत नाही.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. पहिली अशी की कॉर्नियाच्या पृष्ठावरची नाजूक त्वचा काही दिवसांत पुन्हा येते, परंतु तिच्याखालच्या मुख्य थरातून काढलेला भाग पुन्हा भरून येत नाही. दुसरी अशी की डोळ्याची लांबी जशी होती तशीच राहते. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यातले दृष्टिपटल ताणलेले असते आणि ते फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो; चष्मा गेल्यावरही हा धोका कमी होत नाही. दृष्टिपटलाची नियमित तपासणी शस्त्रक्रियेनंतर थांबवणे ही मी इतरांमध्ये सर्वांत जास्त पाहिलेली चूक आहे.

२. तुमची वेळ आली आहे का ते तपासा

वय किमान अठरा पूर्ण असावे, आणि गेल्या एक वर्षात नंबर अर्ध्या डायॉप्टरपेक्षा अधिक बदललेला नसावा. ज्यांचा नंबर विशीच्या सुरुवातीलाही वाढतच आहे त्यांनी घाई केली तर लेसरने शून्यावर आणलेला नंबर पुन्हा चढतो, कारण वाढ डोळ्याच्या लांबीत होत असते आणि लेसर ती थांबवत नाही. जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या याच कारणासाठी जपून ठेवाव्यात. “बऱ्याच वर्षांत बदलला नाही” असे तोंडी सांगण्यापेक्षा दोन तारखा आणि दोन आकडे कितीतरी उपयोगी पडतात.

गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना शरीरातील संप्रेरकांमुळे नंबर आणि डोळ्यांतला ओलावा दोन्ही बदलतात, त्यामुळे तो काळ संपून मोजमापे स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, असल्यास किंवा त्याची शंका जरी असली तरी ही शस्त्रक्रिया करू नये. आमवातासारखे स्वप्रतिकार विकार, नियंत्रणात नसलेला मधुमेह, डोळ्याला पूर्वी झालेला नागिणीचा किंवा हर्पीसचा संसर्ग, काचबिंदू आणि डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा यांची माहिती डॉक्टरांनी विचारली नाही तरी स्वतःहून द्यावी. मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध डोळे कोरडे करते आणि जखम भरण्यावरही परिणाम करते. ते त्वचेचे औषध असल्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सांगायचे राहून जाते.

वयाची चाळिशी जवळ आलेल्यांसाठी वेगळा विचार आहे. लघुदृष्टी असलेल्या माणसाला चाळिशी लागली तरी चष्मा काढून वाचता येते, कारण उणे नंबर जवळच्या कामात मदतच करतो. लेसरने तो नंबर शून्य केला की ही सोय जाते आणि वाचनासाठी चष्मा घ्यावा लागतो. काही जण यावर उपाय म्हणून एक डोळा दूरसाठी आणि दुसरा थोडा उणे ठेवून जवळसाठी करून घेतात, परंतु मेंदूला ही विभागणी मानवते का हे आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहावे.

३. कॉन्टॅक्ट लेन्स बंद केल्याशिवाय मोजमाप करू देऊ नका

कॉन्टॅक्ट लेन्स कॉर्नियावर टेकून त्याचा आकार तात्पुरता बदलते, आणि लेन्स काढल्यावर मूळ आकार परत यायला वेळ लागतो. मऊ लेन्स किमान दोन आठवडे, टोरिक (सिलिंड्रिकल नंबरच्या) आणि हवा खेळती ठेवणाऱ्या कडक लेन्स किमान तीन आठवडे, तर जुन्या पद्धतीच्या कडक लेन्स चार आठवडे आधी बंद कराव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे. तुमच्या डॉक्टरांनी याहून अधिक काळ सांगितला तर तो पाळावा.

मी ज्या केंद्रात प्रथम गेले तिथे आदल्या रात्रीपर्यंत लेन्स वापरल्याचे मी सांगितले होते, तरीही त्याच दिवशी सर्व मोजमापे उरकून मला तीन दिवसांनंतरची तारीख देण्यात आली. एका मैत्रिणीच्या आग्रहामुळे मी दुसरे मत घेतले. तिथल्या डॉक्टरांनी मला तीन आठवडे चष्म्यावर ठेवले आणि मग पुन्हा मोजले, तेव्हा सिलिंड्रिकल नंबर (कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे लागणारा) आणि त्याचा अक्ष, म्हणजे दिशा, दोन्ही बदललेले निघाले. पहिल्या आकड्यांवर शस्त्रक्रिया झाली असती तर यंत्राने चुकीचा नंबर अगदी अचूकपणे कोरला असता.

४. तपासणीला जाताना सोबत काय न्यावे

चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या, शक्यतो दोन-तीन वर्षांच्या, आणि सध्या वापरात असलेला चष्मा.
कॉन्टॅक्ट लेन्सचा प्रकार आणि ती शेवटची कधी काढली ती तारीख, लिहून.
चालू असलेल्या सर्व औषधांची यादी. त्यात त्वचेची, ॲलर्जीची आणि मानसिक आरोग्याची औषधेही यावीत, कारण यांतली अनेक डोळे कोरडे करतात.
डोळ्यांचे पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया किंवा मार यांची कागदपत्रे.
घरात कोणाला केराटोकोनस, काचबिंदू किंवा दृष्टिपटल सुटण्याचा त्रास झाला असल्यास त्याची नोंद.
ओळखपत्र, आणि वैद्यकीय विमा असल्यास त्याची कागदपत्रे. केवळ चष्मा उतरवण्यासाठीची शस्त्रक्रिया अनेक विमा योजनांमध्ये बसत नाही, तेव्हा ते आधीच लेखी विचारून घ्यावे.
गॉगल, आणि परत आणायला सोबत कोणीतरी. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यावर काही तास जवळचे नीट दिसत नाही, उजेड डोळ्यांत खुपतो आणि वाहन चालवता येत नाही.

सैन्य, पोलीस, वैमानिक किंवा रेल्वेचालक अशा नोकरीची तयारी करत असाल तर त्या नोकरीचे वैद्यकीय निकष तपासणीच्याही आधी वाचा. काही ठिकाणी ठरावीक पद्धतच चालते, काही ठिकाणी शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळ जावा लागतो, आणि एकदा झालेली शस्त्रक्रिया परत फिरवता येत नाही.

५. तपासणीत काय मोजतात आणि त्यातून काय कळते

चांगल्या तपासणीला दोन-तीन तास सहज लागतात. अर्ध्या तासात “तुम्ही पात्र आहात” असे सांगितले गेले तर काहीतरी सुटले आहे असे समजून विचारणा करावी.

नंबर दोनदा काढला जातो, एकदा नेहमीसारखा आणि एकदा थेंब घालून डोळ्याचे स्नायू सैल केल्यावर. तरुण डोळा नकळत ताण घेतो आणि मायनस नंबर आहे त्यापेक्षा मोठा दाखवतो. थेंबांनी हा खोटा भाग बाजूला होतो. त्यानंतर टोपोग्राफी आणि टोमोग्राफी होते. हे कॉर्नियाचे रंगीत नकाशे असतात. टोपोग्राफी पुढच्या पृष्ठाचा चढउतार दाखवते, तर टोमोग्राफी मागचे पृष्ठ आणि ठिकठिकाणची जाडीही दाखवते. सुरुवातीच्या अवस्थेतला केराटोकोनस पुष्कळदा मागच्या पृष्ठावर आधी दिसतो, म्हणून केवळ पुढच्या पृष्ठाच्या नकाशावर समाधान मानू नये. डोळे सतत चोळण्याची सवय असेल तर ती या टप्प्यावर सांगा. केराटोकोनसशी तिचा संबंध आहे.

पॅकिमेट्रीने कॉर्नियाची जाडी कळते. अश्रूंची चाचणी दोन प्रकारे होते: खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवून ती किती भिजते ते पाहतात, आणि रंगाचा थेंब घालून अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ते मोजतात. या चाचण्या किरकोळ वाटतात, परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या तक्रारींत कोरडेपणा सर्वांत पुढे असतो, आणि जो डोळा आधीच कोरडा आहे तो नंतर अधिक त्रास देतो. माझे अश्रू कमी निघाले तेव्हा पापण्यांच्या कडांना शेक आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब असा सहा आठवड्यांचा उपचार आधी झाला, आणि चाचणी सुधारल्यावरच तारीख मिळाली. तो उशीर तेव्हा मला खटकला होता, पण पुढे पहिल्या तीन महिन्यांत त्याची किंमत कळली.

याखेरीज डोळ्यातला दाब, अंधारात बाहुलीचा व्यास, आणि थेंब घालून दृष्टिपटलाच्या अगदी कडेपर्यंतची तपासणी ही झालीच पाहिजे. कडेला पातळ जागा किंवा छिद्र आढळले तर आधी त्यावर उपचार करावा का, हे दृष्टिपटलाचे तज्ज्ञ ठरवतात.

६. पर्याय आणि त्यामागचा हिशेब

पीआरके. यात कॉर्नियावरची त्वचा, जी साधारण ५० मायक्रॉन जाड असते, बाजूला काढून त्याखालच्या थरावर थेट एक्सायमर लेसर चालवतात. त्वचा लेसरनेच काढली तर त्या प्रकाराला ट्रान्स-पीआरके म्हणतात. डोळ्यात पापुद्रा कापला जात नाही, त्यामुळे कॉर्नियाची ताकद सर्वांत अधिक राखली जाते आणि पुढे मार लागून पापुद्रा सरकण्याचा प्रश्नच उरत नाही. पातळ कॉर्निया असलेल्यांना आणि ज्या खेळांत डोळ्याला धक्का बसू शकतो ते खेळणाऱ्यांना म्हणून हीच पद्धत अनेकदा सुचवतात. मोबदल्यात पहिले तीन-चार दिवस वेदना सोसाव्या लागतात, दृष्टी हळूहळू सुधारत जाते आणि पूर्ण स्थिर व्हायला तीन ते सहा महिने लागू शकतात. मोठ्या नंबरमध्ये जखम भरताना कॉर्नियावर धूसरपणा येण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी मायटोमायसिन हे औषध काही सेकंद लावतात.

लेसिक. यात कॉर्नियाचा वरचा साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा पापुद्रा, ज्याला सगळे फ्लॅपच म्हणतात, एका बाजूला जोडलेला ठेवून उचलतात, खाली एक्सायमर लेसर चालवतात आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवतात. पूर्वी हा काप यांत्रिक पात्याने घेत. आता बहुतेक ठिकाणी फेम्टोसेकंद लेसरने, म्हणजे अत्यंत क्षणिक झोतांनी ऊती कापणाऱ्या वेगळ्या लेसरने, घेतात आणि त्याची जाडी अधिक नेमकी राहते. दुसऱ्याच दिवशी स्पष्ट दिसू लागते, वेदना थोडकीच असते. फ्लॅप कापताना कॉर्नियातल्या बऱ्याच मज्जातंतू तुटतात, त्यामुळे सुरुवातीचे महिने कोरडेपणा जाणवतो. वेव्हफ्रंट किंवा टोपोग्राफीवर आधारित लेसिक अशी नावे ऐकाल, तेव्हा ती वेगळी शस्त्रक्रिया समजू नका; फ्लॅप तोच असतो, लेसरला दिलेला आराखडा अधिक तपशीलवार असतो.

स्माइल. यात एक्सायमर लेसर लागतच नाही. फेम्टोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आतच एक पातळ भिंगाकृती चकती आखून मोकळी करतो आणि सर्जन ती २ ते ४ मिलिमीटरच्या छोट्या छेदातून बाहेर काढतात. फ्लॅप नसल्यामुळे तो सरकण्याचा धोका नाही, आणि मज्जातंतू कमी तुटत असल्याने सुरुवातीचा कोरडेपणा तुलनेने कमी असतो. दृष्टी लेसिकपेक्षा थोडी सावकाश, काही दिवसांत स्वच्छ होते. चकती काढण्याचे काम सर्जनच्या हातांच्या सरावावर अवलंबून असते. नंबर अगदी लहान असेल तर चकती फारच पातळ होते आणि काढणे अवघड जाते. नंतर उरलेला नंबर दुरुस्त करायचा झाल्यास बहुधा पीआरकेचाच आधार घ्यावा लागतो, हे जाहिरातींत सांगत नाहीत.

आता हिशेब पाहू, कारण माझी निवड त्यावरच ठरली. साधारण ६ ते ६.५ मिलिमीटर व्यासाच्या भागावर दर डायॉप्टरला १२ ते १५ मायक्रॉन जाडी खर्ची पडते. माझा कॉर्निया ४९८ मायक्रॉनचा आणि नंबर साडेपाच, म्हणजे १५ ने गुणले तर सुमारे ८३ मायक्रॉन काढावे लागणार. लेसिकमध्ये ११० मायक्रॉनचा फ्लॅप धरला तर ४९८ मधून १९३ वजा होऊन खाली ३०५ मायक्रॉन उरतात. फ्लॅपखाली किमान २५० मायक्रॉन उरलेच पाहिजेत असा दंडक आहे आणि बरेच सर्जन ३०० चा आग्रह धरतात, तेव्हा हा आकडा वरवर पाहता चालण्यासारखा होता. परंतु डॉक्टर आणखी एक गुणोत्तर पाहतात: फ्लॅप आणि काढलेला भाग मिळून मूळ जाडीच्या किती टक्के होतात. ते ४० टक्क्यांच्या जवळ किंवा पुढे गेले की कॉर्निया पुढे अशक्त होऊन फुगण्याचा, म्हणजे एक्टेशियाचा धोका वाढतो. माझ्या बाबतीत ते जवळजवळ ३९ टक्के येत होते. स्माइलमध्ये वरची टोपी, म्हणजे चकतीच्या वर राहणारा कॉर्नियाचा थर, १२० मायक्रॉनची आणि चकती लेसिकच्या खर्चापेक्षा थोडी जाड धरावी लागत असल्याने खाली २७० च्या आसपासच उरले असते. तिथे वरचा न कापलेला भागही थोडा आधार देतो हे खरे, तरी माझ्या डॉक्टरांना ते पुरेसे वाटले नाही. पीआरकेमध्ये त्वचेचे ५० आणि लेसरचे ८३ वजा करूनही ३६५ उरत होते, आणि त्वचा तर पुन्हा येणार होती. कागदावर हे आकडे मांडलेले पाहिल्यावर माझा हट्ट आपोआप संपला. तुमच्या डॉक्टरांनाही हा हिशेब तुमच्यासमोर मांडायला सांगा. चांगले डॉक्टर तो आनंदाने मांडतात.

नंबर मायनस आठ-दहाच्या पुढे असेल किंवा कॉर्निया फारच पातळ असेल तर लेसरचा आग्रह सोडून आयसीएलचा विचार करावा. यात कॉर्निया न तासता, नैसर्गिक भिंगाच्या पुढे आणि रंगीत पडद्याच्या मागे एक मऊ कृत्रिम भिंग बसवतात. ते गरज पडल्यास काढता येते. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली सुमारे तीन मिलिमीटर तरी असावी लागते आणि कॉर्नियाच्या आतल्या थरातील पेशींची संख्या मोजावी लागते. ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया असल्यामुळे संसर्ग, दाब वाढणे आणि मोतीबिंदू यांचे धोके तिच्यासोबत येतात, आणि दरवर्षी तपासणी चुकवता येत नाही.

७. संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा

माझी कॉर्नियाची जाडी किती, शस्त्रक्रियेनंतर किती उरेल आणि वरचे टक्केवारीचे गुणोत्तर किती येते? माझ्यासाठी हीच पद्धत का, आणि दुसरी का नाही? लेसर प्रत्यक्ष कोण चालवणार, आणि नंतरच्या तपासण्या तेच करतील का? नंबर थोडा उरला तर दुरुस्तीची शस्त्रक्रिया केव्हा, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या खर्चात होईल?

रात्रीच्या दृष्टीबद्दल वेगळे विचारा. दिव्यांभोवती वलये, किरणांचे फाटे किंवा चकाकी दिसणे हे दुर्मीळ नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहभागाने झालेल्या लेसिकच्या अभ्यासात, आधी अशी कोणतीही तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनंतर किमान एक तरी दृश्य तक्रार नोंदवली होती, आणि आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो तीन महिन्यांनंतर जाणवत होता. रोजची कामे करणेच कठीण व्हावे इतका त्रास मात्र एक टक्क्याहून कमी लोकांना झाला. दोन्ही बाजू डोळ्यांसमोर ठेवूनच निर्णय घ्यावा, विशेषतः रात्री वाहन चालवण्याचे काम असणाऱ्यांनी.

८. शस्त्रक्रियेचा दिवस

आदल्या दिवसापासून डोळ्यांचा मेकअप, चेहऱ्याचे क्रीम आणि अत्तर टाळा. अत्तराची वाफ लेसरच्या कामात अडथळा आणू शकते. सोबत येणाऱ्या व्यक्तीला वेळ मोकळा ठेवायला सांगा.

भूल फक्त थेंबांची असते. तुम्ही पूर्ण जागे असता. पापण्या मिटू नयेत म्हणून एक छोटी चिमट्यासारखी कमान बसवतात. एका दिव्याकडे पाहत राहायला सांगतात आणि तेवढेच तुमचे काम असते. डोळा जरा हलला तर एक्सायमर यंत्रातील माग ठेवणारी व्यवस्था लेसरला त्याच्यासोबत हलवते आणि फार हलला तर लेसर थांबतो, त्यामुळे “माझ्या हातून काही बिघडेल” ही धास्ती सोडून द्या. लेसिक आणि स्माइलमध्ये डोळा स्थिर धरण्यासाठी हवेच्या ओढीने बसणारी कडी लावतात. तेव्हा दाब जाणवतो आणि काही क्षण दिसणे अंधूक होते किंवा जाते. हे अपेक्षित असते, पण आधी सांगितले नसेल तर माणूस दचकतो, आणि नेमके त्या क्षणी हलू नये. एक्सायमर लेसर चालताना टकटक आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास येतो. तो कॉर्नियाच्या बाष्प झालेल्या कणांचा वास असतो. डोळा भाजत नसतो. प्रत्यक्ष लेसरचा वेळ दर डोळ्याला मिनिटाहूनही कमी असतो.

९. पहिले दिवस, पहिले आठवडे

लेसिक किंवा स्माइल झाल्यावर पहिले काही तास डोळ्यांत कचरा गेल्यासारखे खुपते आणि पाणी येते. घरी जाऊन झोपणे हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय. पीआरकेनंतर जखमेवर संरक्षक लेन्स ठेवतात आणि ती साधारण चार ते सात दिवसांनी डॉक्टरच काढतात. दुसरा आणि तिसरा दिवस मला सर्वांत जड गेला. उजेड सहन होत नव्हता, म्हणून पडदे ओढून पडून राहिले आणि थेंबांच्या वेळा सांभाळायला घरातल्या माणसाची मदत लागली. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी दिल्या त्याप्रमाणे घ्याव्यात. भूल देणारे थेंब मात्र घरी कधीही वापरू नयेत. त्यांनी क्षणभर आराम पडतो, पण जखम भरणे थांबते आणि कॉर्नियाला कायमची इजा होऊ शकते.

डोळा चोळणे पूर्णपणे बंद. झोपेत हात जाऊ नये म्हणून दिलेली पारदर्शक झाकणे रात्री न चुकता लावा. आंघोळीचे पाणी आणि साबण डोळ्यांत जाऊ देऊ नका, पोहणे डॉक्टर परवानगी देईपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन महिने टाळा, आणि धक्काबुक्कीचे खेळ किमान चार आठवडे. पीआरके झालेल्यांनी उन्हात गॉगल लावण्याचा नियम कित्येक महिने पाळावा, कारण अतिनील किरणांनी धूसरपणा वाढू शकतो.

थेंबांबाबत दोन चुका वारंवार होतात. बरे वाटू लागले म्हणून स्टेरॉइडचे थेंब मधेच सोडणे ही एक, आणि संपलेली बाटली औषधाच्या दुकानातून स्वतःच पुन्हा आणून ते चालू ठेवणे ही दुसरी. पीआरकेनंतर हे थेंब टप्प्याटप्प्याने कमी करत अनेक आठवडे चालतात, आणि काही जणांच्या डोळ्यांतला दाब त्यांनी वाढतो. दाब वाढल्याचे आपल्याला जाणवत नाही, म्हणून ठरलेल्या तपासण्या “स्पष्ट दिसते आहे” या कारणाने चुकवू नका. दोन प्रकारच्या थेंबांमध्ये पाच मिनिटे जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो.

पीआरकेनंतर दृष्टी रोज एकसारखी सुधारत नाही. दहाव्या दिवशी मला सातव्या दिवसापेक्षा कमी दिसत होते आणि मी घाबरले होते. त्वचा सारखी बसेपर्यंत असे चढउतार होतात. वेदना कमी होण्याऐवजी वाढत असेल, दृष्टी अचानक खालावली असेल, पू किंवा दाट स्राव येत असेल किंवा डोळ्याला मार लागला असेल तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

१०. पुढची वर्षे आणि जपून ठेवायचे कागद

नंबर थोडा उरला किंवा परत आला तरी दुरुस्तीची घाई करू नये. मोजमापे काही महिने सलग स्थिर राहिल्यावरच तो विचार होतो, आणि पुन्हा जाडीचा तोच हिशेब मांडावा लागतो. प्रकाशाचे लख्ख झोत, अचानक वाढलेले काळे ठिपके किंवा नजरेच्या कडेने पडदा सरकत आल्यासारखे दिसणे ही दृष्टिपटल फाटल्याची किंवा सुटल्याची लक्षणे असू शकतात. ती दहा वर्षांनी दिसली तरी तातडीने तपासून घ्यायची असतात.

शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता, जाडी, डोळ्याचा दाब, टोपोग्राफीचे नकाशे आणि किती मायक्रॉन काढले याचा अहवाल छापील स्वरूपात मागून घ्या आणि त्याची छायाचित्रे घरातल्या आणखी एका व्यक्तीकडे ठेवा. लेसरने पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो, त्यामुळे काचबिंदूची सुरुवात नजरेतून निसटू शकते. प्रत्येक नव्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेविषयी सांगणे म्हणूनच आवश्यक आहे. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची वेळ येईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढण्याची नेहमीची सूत्रे अशा डोळ्यात चुकतात. वेगळी सूत्रे वापरून तो काढावा लागतो, आणि तेव्हा डॉक्टर जे पहिल्यांदा मागतील ते हेच कागद असतील.